बाबल्याची कच्ची कलेजी बंद जाहली, ते समयीची हकीकत

श्रीरामेश्वर प्रसन्न.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, माघ मास, ते समयी बोरीवली प्रांती, पूर्वेकडील अंगास, जेथे सरकारी जंगलाचे कुंपण लागते आणि बिबट्या आल्याची खबर दर पंधरवड्यास येते परंतु बिबट्या येत नाही, तेथे शांतादुर्गा सहनिवास नामक चार मजली इमारतीत, तिसरे मजल्यावर, राजश्री जयवंतराव धुरी नामे गृहस्थ राज्य करीत होते. राज्य दोन खोल्यांचे आणि एका ग्यालरीचे. पैकी मुदपाकखाना त्यांचे कुटुंब वनमालाबाई यांच्या अमलात, बैठकीची खोली टीव्हीच्या अमलात, आणि ग्यालरी बाबल्या नामक बोक्याच्या अमलात होती. बाकी जो मुलूख उरला तो जयवंतरावांचा. त्यांजवर कैसा प्रसंग गुदरला, आणि त्यांतून ते कैसे पार पडले, ते साद्यंत लिहिले असे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. लिहिणारास रावांच्या पोटातले इतके कैसे ठाऊक, ऐसे कोणी पुसेल, तर त्या घरात कागद काळे करण्याची हौस एकाच माणसास आहे, येवढे सांगून पुढे जातो.

जयवंतरावांचे तीर्थरूप देवगडाकडून मुंबईस आले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. खुद्द जयवंतराव औषधांच्या एका कंपनीत गुदामाचे मुख्य जाहले आणि तेहेतीस वर्षे चाकरी करून निवृत्त जाहले. गुदामात असता चाळीस माणूस त्यांच्या हुकुमात होते. निवृत्तीनंतर हुकूम तेवढे राहिले, माणूस राहिले नाही. कन्या जान्हवी लग्न होऊन मुलुंडास गेली. वनमालाबाई हुकूम ऐकत, आणि ऐकत ऐकत मेथी निवडत. ऐशा पडत्या काळी सोसायटीच्या पंपघरात मांजरीने टाकून दिलेले एक तांबडे पिल्लू रावांस सापडले, आणि रावांनी त्यास ड्रॉपरने दूध पाजून, छातीशी धरून, जगविले. तोच बाबल्या. चार वर्षांत तो सहा किलोंचा जाहला. रावांची स्वारी बाहेरून परत आली म्हणजे दरवाज्यात सामोरा येऊन उभा राहणारा इसम त्या राज्यात तोच एक, सबब रावांचा जीव त्याजवर फार.

आता जीव फार असला म्हणजे माणूस शहाणा होतोच ऐसे नाही. जयवंतरावांनी मोबाइलावर मांजरांच्या आहाराविषयी काही चित्रफिती पाहिल्या, एकूण अकरा, आणि बाराव्या दिवशी ते त्या शास्त्राचे आचार्य जाहले. मांजर म्हणजे लहान वाघ, आणि वाघास कच्चेच मांस मानवते, ऐसा सिद्धांत त्यांनी बांधिला. मग बाबल्यास रोज सकाळी कोंबडीची कच्ची कलेजी आणि पेटा, आणि संध्याकाळी कोंबडीच्याच कच्च्या खिम्याची गोठविलेली पाकिटे, ज्यांवर वाघाचे चित्र, ऐसा रतीब सुरू जाहला. कोणी शंका काढिली तर राव म्हणत, "नॅशनल पार्कातला वाघ काय कुकरच्या शिट्ट्या मोजतो?" हे वाक्य त्यांस इतके आवडले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप दरबारात त्यांनी ते तीन वेळा टाकिले, आणि चौथ्या वेळी त्याखाली "उकडलेले अन्न हे मृत अन्न" ऐसे वचन आपल्या नावानिशी जोडिले.

लोक हसले आणि विसरले. परंतु पहिल्या मजल्यावरील नलिनीताई विसरल्या नाहीत. त्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त जाहलेल्या, घरात एकट्या, आणि सोबतीस सोनी नामक बारा वर्षांची म्हातारी मांजर. जयवंतराव एवढे ठासून सांगतात त्या अर्थी त्यांनी वाचले असेल, ऐसे त्या सरळ मनाने समजल्या, आणि दिवाळीपासून सोनीसही तोच कच्चा रतीब लागला. पाकिटे दर शनिवारी खुद्द जयवंतराव आपल्या हाते पोहोचवीत. त्यांस एक शिष्य मिळाला होता, त्याची त्यांस धुंदी होती.

ऐशी कारकीर्द सुरळीत चालली असता परजिल्ह्यात बर्ड फ्लूची साथ उठली, आणि कोंबड्यांची खुराडीच्या खुराडी गारद जाहल्याची बातमी आली. रावांनी बातमी वाचिली, आणि आपण काही कोंबडी नव्हे, ऐसे म्हणून पान उलटिले. मग बुधवारी सकाळी नऊ वाजता मुलुंडाहून कन्येचा फोन आला. जान्हवी रक्त तपासणीच्या लॅबात कामास, त्यामुळे जंतूंच्या मामल्यात तिचा शब्द घरात प्रमाण.

"पप्पा, बाबल्याला अजून कच्चंच देता ना?"

"अगं, फ्रोझन असतं ते. मायनस अठरा. त्यात काय जगणार आहे?"

"व्हायरस जगतो, पप्पा. फ्रीझरमध्ये तो मरत नाही, झोपून राहतो. नीट शिजवलं की मरतो. आणि मांजरांना होतो हा. झाला तर वाचणं कठीण. आजपासून कच्चं बंद. मी संध्याकाळी फोन करून विचारणार आहे."

"विचार की. मी सांगेन."

"तुम्हाला नाही. आईला."

हे शब्द ऐकून जयवंतराव खुर्चीत बसले, आणि बाबल्या समोर फरशीवर पाय पसरून सकाळची कलेजी पचवीत होता त्याजकडे पाहत राहिले. परंतु सरदाराने भय तोंडावर दाखवू नये, म्हणून घटकाभराने ते उठले आणि वनमालाबाईंस म्हणाले की हा फेरबदल आपल्या मनात कधीचाच होता. वनमालाबाईंनी मान डोलाविली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ती अनेकदा ऐशीच डोलाविली होती.

मग फर्मान सुटले. फर्मान ऐसे की, आजपासून कच्चे मांस, कच्चे दूध आणि कच्चे अंडे बाबल्याच्या वाटीत पडू नये; ग्यालरीची जाळी दुरुस्त करून कबुतरास आत आणि बोक्यास बाहेर वाट राहू देऊ नये; चिकन चिरण्याची फळी आणि सुरी निराळी करावी; आणि चिरणाराने वीस मोजेपर्यंत साबणाने हात धुवावे. फर्मान सुटले ते राजाचे, आणि अंमल करावयाचा तोही राजासच, कारण फौज येवढीच. राव स्वतः फ्रीझर उघडून पुढे सरसावले. वाघाच्या चित्राची सात पाकिटे हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधिली, गाठीवर गाठ मारिली, आणि कचऱ्याच्या गाडीत आपल्या हाते टाकिली. मग कपड्यांचे ब्लीच पाण्यात कालवून ओटा पुसला, फ्रीझर पुसला, बाबल्याची वाटी पुसली, आणि विजयाच्या भरात जे जे हातास लागले ते ते बुडविले. त्यात वनमालाबाईंची माहेरची विळी सापडली.

"माझी विळी खंय घातलात?"

राव बोलिले की विळी निर्जंतुक होत आहे.

"तिच्यार मी मासळी कापतंय, कोंबडी न्हय. तुमका कोणी सांगितल्यानी तिका आंघोळ घालूक?"

येणेप्रमाणे गनीम दृष्टीस पडण्यापूर्वीच स्वराज्यात फितूर माजले. विळी परत करून, माफी मागून, राव मुख्य कामास लागले.

निराळ्या पातेल्यात हाडे काढलेली कोंबडी घातली. मांजरास कांदा-लसूण बाधतो आणि मीठ नको, म्हणून पाण्याशिवाय काही घातले नाही. वीस मिनिटे गॅसवर ठेविली. आतपर्यंत सत्तर अंशांवर तापली की विषाणू मरतो, ऐसे जान्हवीने लिहून पाठविले होते. तेव्हा खात्री करावी म्हणून रावांनी घरातील तापमापी पातेल्यात खुपसण्याची मसलत केली. त्या यंत्रास माणसाच्या तापापलीकडचे गणित येत नव्हते. त्याने एकदा पीं केले आणि ते कायमचे मिटले. वनमालाबाईंनी चमच्याने एक तुकडा मोडून आत पाहिले, गुलाबी कोठे दिसले नाही, आणि "शिजला" म्हणून गॅस बंद केला. ऐसे त्या पस्तीस वर्षे करीत आल्या होत्या.

तुकडे गार करून, बारीक करून, वाटीत घालून, राव वाटी घेऊन ग्यालरीत गेले. बाबल्या उठला, आळस दिला, वाटीपाशी आला, आणि नाक लावून एक श्वास घेतला. मग त्याने उजवा पंजा उचलून वाटीच्या भोवताली फरशी खरवडली, एकदा, दोनदा, चारदा, जैसी मार्जारजात आपला विधी उरकल्यानंतर माती ओढते तैसी. आणि शेपूट उभी करून आत निघून गेला. रावांच्या कोंबडीविषयी त्याचे मत त्या इमारतीतील कोणासही कळले असते.

बुधवार गेला. संध्याकाळी जान्हवीचा फोन आला, वनमालाबाईंनी खरे ते सांगितले. गुरुवारी रावांनी डावपेच बदलिले. कोंबडी कोमट करून दिली, ती नाकारली. कोंबडीचे पाणी बशीत दिले, ते नाकारले. दुकानातील शिजवून वाळविलेले दाणे आणिले, त्यांतील एक दाणा त्याने पंजाने सोफ्याखाली टोलविला आणि पुन्हा तिकडे पाहिले नाही. वनमालाबाईंनी आपल्या वाटणीचा बांगडा उकडून काटे काढून पुढे ठेविला, तोही त्याने हुंगून सोडिला. आणि तो ओरडेना, भांडेना. नुसता जाऊन फ्रीझरसमोर बसला आणि त्या पांढऱ्या दरवाज्याकडे टक लावून पाहत राहिला. हे पाहून रावांस घास उतरेना.

दुपारी त्यांनी डॉक्टर तेजल यांस फोन लाविला. या बाई स्टेशनाच्या वाटेवर जनावरांचा दवाखाना चालवीत, वयाने जान्हवीएवढ्या, बोलणे चटपटीत.

"काका, मांजर म्हणजे कुत्रा नाही. दोन दिवसांच्या वर उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं. उद्या दुपारपर्यंत नाही खाल्लं तर घेऊन या, आपण नळीने भरवू. आणि कच्चं द्यायचं नाही. कितीही तोंड पाडलं तरी."

आता पुढे साथ आणि मागे उपवास, ऐशा कैचीत राव सापडले. संध्याकाळी पाच वाजता ते पिशवी घेऊन बाहेर पडले. वनमालाबाईंस दूध आणतो म्हणाले. पाय मात्र चिकनच्या दुकानापाशी थांबले. लिहिणारास हे लिहिताना हात जड होतो, परंतु बखरीत खोटे लिहू नये. सव्वा दिवसापूर्वी ज्याने फर्मान काढिले त्याच पुरुषाने शंभर ग्रॅम कच्ची कलेजी मागितली. एकदाच, आजच्यापुरती, एवढ्याने काय होते, आजवर काय जाहले, ऐसे मनाशी म्हणत ती काळी पिशवी दुधाच्या पिशवीखाली लपविली आणि जिना चढू लागले.

पहिल्या मजल्यावर नलिनीताईंचे दार उघडे होते. त्या दारातच उभ्या होत्या, जणू जिन्यावरील पावलांची वाट पाहत.

"बरं झालं तुम्ही भेटलात, जयवंतराव. सोनीने काल रात्रीपासून काही खाल्लं नाही. अंग तापलंय, नाक वाहतंय. तुमचा या विषयातला अभ्यास आहे म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं."

जयवंतरावांच्या हातातील पिशवी एकाएकी मणाची जाहली. बुधवारी सकाळी नऊ वाजता त्यांस जे कळले ते त्यांनी आपल्या घरात सांगितले, फ्रीझरास सांगितले, विळीससुद्धा सांगितले. परंतु दोन मजले उतरून या बाईंस सांगितले नव्हते. वेळ नव्हता ऐसे नाही. ज्या तोंडाने वाघाचे वाक्य चार वेळा टाकिले त्याच तोंडाने आता चूक जाहली म्हणावयाचे, ते तोंड धजेना. शनिवारी पाकिटे नेली नाहीत म्हणजे आपोआप कळेल, ऐसा त्यांचा मनसुबा होता.

त्यांनी अभ्यासाविषयी काही सांगितले नाही. "टोपली आहे का तिची?" येवढेच विचारिले, आणि सोनीस टॉवेलात गुंडाळून, टोपलीत घालून, रिक्षा करून उभयता डॉक्टर तेजल यांच्या दवाखान्यात गेली. जाताना रावांनी ती काळी पिशवी कोपऱ्यावरील कचऱ्याच्या डब्यात टाकिली. दूधही तिजबरोबर गेले, ते त्यांस मागाहून ध्यानात आले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, तो बराच होता. डोळ्याखाली सूज होती. तोंड उघडू गेल्या तो सोनीने बारा वर्षांत कोणास दाखविली नव्हती ऐशी नखे दाखविली.

"खायला काय देता हिला?"

"कच्चं चिकन," नलिनीताई बोलिल्या. "दिवाळीपासून. हे जयवंतराव आणून देतात ना."

डॉक्टरीणबाईंनी जयवंतरावांकडे पाहिले. मुखपट्टी बांधली, हातमोजे बदलले, आणि मग नलिनीताईंस म्हणाल्या, "दाताचंही असू शकेल, सूज बघता. पण कच्चं चिकन खाणारं मांजर या दिवसांत तापलं तर मी आधी बर्ड फ्लूच तपासणार. नमुना सरकारी लॅबला जाईल, रिपोर्ट सोमवारी. तोवर तिला एका खोलीत ठेवा, मास्क लावा, हातमोजे घाला, तिची वाटी तिलाच. तुम्हाला ताप-खोकला आला तर लगेच तुमच्या डॉक्टरांना सांगायचं, घरी मांजर आजारी आहे म्हणून."

म्हणजे धोका सोनीपुरता नव्हता. हे रावांच्या ध्यानात आले तेव्हा ते भिंतीवरील कुत्र्यांच्या लसीचा तक्ता वाचीत असल्याचे सोंग करीत होते, आणि त्यांतील अक्षर दिसेना.

परत आल्यावर, पहिल्या मजल्याच्या चौकात, टोपली खाली ठेवून राव बोलिले.

"नलिनीताई, माझं चुकलं. जान्हवीचा फोन मला बुधवारी सकाळीच आला होता. कच्चं देऊ नका म्हणून. मी घरातलं सगळं टाकून दिलं. तुम्हाला सांगायला आलो नाही."

नलिनीताईंनी चष्मा काढून पुसला. "का नाही आलात?"

"लाज वाटली."

"काल दुपारी मी तिला तेच दिलं," त्या बोलिल्या. "तुम्ही आणून दिलेलं." आणि टोपली उचलून आत गेल्या, आणि दार हळूच लाविले. आपटले असते तर बरे होते. रावांच्या आयुष्यात पुष्कळांनी दारे आपटली होती, त्याची त्यांस सवय होती.

त्या संध्याकाळी राव जेवले नाहीत. शुक्रवारी सकाळी चहासुद्धा अर्धा टाकिला. बाबल्या फ्रीझरसमोर होता, आणि त्याची पाठ पाहूनच रावांस कळे की तो सोनीच्या पक्षाचा आहे. डॉक्टरांनी दिलेली मुदत दुपारची. अकरा वाजता वनमालाबाईंनी डाळ, भात, वांग्याची भाजी ताटात वाढून आणिली आणि म्हणाल्या, "दोन घास खावा. तुम्ही उपाशी रवान त्या सोनीचो ताप उतरतलो नाय."

रावांनी ताट परत दिले. मग त्यांच्या डोक्यात काय आले कोण जाणे. बाबल्यासाठी सकाळी उकडलेल्या, त्याने नाकारलेल्या, कोंबडीची वाटी त्यांनी उचलिली, एका थाळीत ओतिली, आणि फरशीवर, फ्रीझरला पाठ लावून, बसले. जे आपण दुसऱ्याच्या पुढे ठेवितो ते निदान आपण चाखून तरी पाहावे, ऐसे काहीसे त्यांच्या मनात होते. पहिला घास घेतला. त्यास चव नव्हती, आणि नसलेली चव तोंडात बराच वेळ राहिली. ओल्या पुठ्ठ्याचा घास घ्यावा तैसे ते लागले. तरी त्यांनी तो चावला, गिळला, आणि दुसरा घेतला, आणि चावता चावता त्यांचे डोळे भरून आले. कोंबडीमुळे नव्हे.

तेव्हा बाबल्या उठला. जवळ आला. रावांच्या मांडीवर पुढचे दोन पाय ठेवून त्यांच्या तोंडास नाक लाविले, आणि त्या हलत्या जबड्याचा बारीक तपास केला. मालक एकटा बसून काहीतरी खातो आहे आणि आपणांस विचारीत नाही, ही गोष्ट त्याच्या पहिल्यानेच ध्यानात आली असावी. त्याने थाळीच्या काठावर पंजा ठेविला. राव चावावयाचे थांबले.

"हलू नकात," वनमालाबाई दारातून कुजबुजल्या. "चोरूंदे तेका."

पंजा आत गेला, एक तुकडा नखाने ओढिला, आणि तो तोंडात धरून बाबल्या टेबलाखाली पळाला, आणि तेथे गुरगुर करीत, जणू बळाने जिंकून आणिला ऐशा ऐटीत, त्याने तो खाल्ला. परत आला. दुसरा नेला. तिसरा नेला. बुधवारपासून ज्या कोंबडीभोवती तो माती ओढीत होता तीच कोंबडी चोरीची जाहल्याबरोबर त्यास गोड लागली. राव फरशीवर निश्चल बसून लुटले जात होते. त्यांच्या पायास मुंग्या आल्या, परंतु त्यांनी पाय हलविला नाही. तेहेतीस वर्षांच्या चाकरीत त्यांस इतके सुख जाहले नव्हते, आणि त्याच क्षणी पहिल्या मजल्यावरील बंद दाराची आठवण होऊन ते सुख निम्मे जाहले.

त्याच दुपारी रावांनी सोसायटीच्या दरबारात माफीनामा पाठवावयाचे ठरविले. बसून तो लिहिला. त्यात विषाणूचा इतिहास, आपल्या पूर्वीच्या मताची तत्कालीन कारणे, आणि विज्ञान कैसे बदलत असते याचा ऊहापोह, ऐसा एकूण मोबाइलाच्या पाच पडद्यांचा मजकूर जाहला. वनमालाबाईंनी तो वाचिला आणि विचारिले की यात माफी कोठे आहे. रावांनी शोधिली. ती शेवटच्या पडद्यावर, कंसात, सापडली. मग बाईंनी सर्व पुसून टाकिले आणि ओळी सांगितल्या त्या रावांनी लिहिल्या, त्या ऐशा: "मांजर-कुत्र्याला कच्चं चिकन देऊ नका. बर्ड फ्लू होतो. पूर्ण शिजवून द्या, हात धुवा, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. आधी मी उलटं सांगितलं होतं, ती माझी चूक होती. जयवंत धुरी, ३०४."

पाठविण्याचे बटण दाबताना अंगठा दोनदा मागे आला. तिसऱ्यांदा दाबिला. रावांनी समजूत केली होती की आता गहजब होईल. सहा जणांनी अंगठा दाखविला, आणि सातव्याने टाकी कधी धुणार ऐसे पुसले.

शनिवारी सकाळी रावांनी शिजवून बारीक केलेल्या कोंबडीचा डबा पहिल्या मजल्यावर नेला, दारापाशी ठेविला, घंटी वाजविली, आणि उत्तर येण्यापूर्वी जिना चढून परत आले. संध्याकाळी डबा धुवून दारास टांगलेला होता. त्यांतले कोणी खाल्ले की फेकिले, कळण्यास मार्ग नव्हता. रविवारीही तैसेच. डॉक्टरीणबाई रोज येऊन सोनीस सुई देत आणि सलाइन लावीत, ते जिन्यावरील त्यांच्या चपलांवरून कळे. राव दारामागे उभे राहून त्या चपला मोजीत. नलिनीताई खोकतात काय, याजकडेही त्यांचा कान असे. रविवारी एकदा खोकल्याचा आवाज आला आणि राव अनवाणी दोन मजले उतरले. तो दुसऱ्या मजल्यावरील कोणी तंबाखूवाला निघाला.

सोमवारी दुपारी दोन वाजता घंटी वाजली. दारात नलिनीताई. त्यांचे गुडघे दुखरे, आणि त्या दोन मजले चढून आल्या होत्या, म्हणून आधी भिंतीस हात लावून उभ्या राहिल्या. रावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांस काहीच वाचता आले नाही.

"नाही निघालं," त्या बोलिल्या. "बर्ड फ्लू नाही. ताप उतरल्यावर तोंड उघडून बघितलं. वरची दाढ किडलीय मुळापासून. उद्या काढणार."

जयवंतरावांनी दार पुरते उघडिले. वनमालाबाईंनी ताईंस आत बसविले, पाणी दिले. ताई पाणी प्याल्या आणि मग त्यांनी सांगितले की दाढ तर दाढ, परंतु बर्ड फ्लू असता तर काय, हे चार दिवस त्यांनी मोजून काढिले आहेत, आणि ते दिवस जयवंतरावांच्या नावावर लिहिले जातील.

"लिहा," राव बोलिले.

"सोनीला तुमच्या डब्यातलं थोडं थोडं पोटात गेलं. रस तेवढा चाटायची. किती वेळ ठेवता गॅसवर ते मला लिहून द्या. आणि यापुढे काही कळलं, तर त्याच दिवशी खाली यायचं. लाज घेऊन या हवी तर, पण या."

रावांनी मान्य केले आणि कागद घेऊन कृती लिहून दिली. डॉक्टरीणबाईंनी नुसत्या कोंबडीवर मांजराचे पोषण होत नाही, बरोबर शिजविलेले तयार खाणे मिसळावे ऐसे बजाविले होते, तेही लिहिले. कागद एक पानाचा जाहला. नलिनीताईंनी तो शाळेतल्या सवयीने वाचिला, पेन मागून घेतला, पाऊण पान खोडिले, आणि उरले ते घडी करून नेले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गनीम त्या इमारतीत शिरला नाही. सोनीची दाढ निघून ती आता पूर्वीपेक्षा अधिक ओरडते. सोसायटीत मांजरे एकूण पाच, पैकी पाचांच्या वाटीत कच्चे पडत नाही. आणि बाबल्या शिजविलेले खातो. ही सर्व कामे जयवंतरावांच्या कारकिर्दीत जाहली, सबब यश त्यांच्या नावे लिहिले असे, आणि ज्यांनी ती प्रत्यक्ष केली त्या बायकांची नावे वर मजकुरात आलीच आहेत.

एक कलम लिहावयाचे राहिले. फत्तेनंतर पहिल्या रविवारी मुलुंडाहून लेक-जावई आले, आणि वनमालाबाईंनी कोंबडी-वडे केले. वाटपाच्या खोबऱ्याचा वास जिन्यात तळमजल्यापर्यंत गेला. पाने मांडिली. त्याआधी बाबल्याची वाटी ग्यालरीत ठेविली होती, त्याने तिजकडे पाहिले नाही; थाळीतले चोरून असेल तर जेवीन, एरवी नाही, ही अट त्याने एकदा घातली ती घातली. आणि ती थाळी मालकाची हवी, आणि मालक आधी त्यांतले चावीत असला पाहिजे, आणि मालकाच्या तोंडास दुसरा वास येता उपयोग नाही, हेही त्याने आठवडाभरात शिकविले होते. तेव्हा सर्व मंडळी टेबलावर वडे मोडू लागली, आणि जयवंतराव अळणी कोंबडीची थाळी घेऊन फरशीवर, फ्रीझरला पाठ लावून, आपल्या जागी जाऊन बसले.

"पप्पा, किती दिवस चालणार हे?" जान्हवीने विचारिले.

"घरातली बोक्याची जात सोळा वर्षं जगते म्हणतात," राव बोलिले, आणि पहिला घास घेतला.

विजयी सरदार दोन्ही वेळ अळणी जेवतात. हे खरे असे, आणि दफ्तरी नमूद केले असे.